लळा आणि शाळा
(इयत्ता पहिली व दुसरीच्या शिक्षकांसाठी अभ्यासलेख)

१. विषयाचे प्रयोजन

जूनच्या मध्यास शाळा उघडतात आणि पहिलीच्या वर्गाच्या दाराशी दरवर्षी तोच प्रसंग उभा राहतो. मूल आईचा पदर सोडीत नाही, आई हात सोडवून घेऊ पाहते, आणि आत तीस मुले शिक्षकाची वाट पाहत असतात. अशा वेळी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत अशी असते की, हे रडणे म्हणजे लाडाचा परिणाम होय. दोन दिवस दार लावून घेतले की मूल आपोआप निवळते. काही शिक्षक याच्याही पुढे जातात. आईने मुलाची नजर चुकवून निघून जावे असे ते सुचवितात, आणि मुलाने विचारले म्हणजे "आई बाहेर बसली आहे" असे सांगतात.

दोन दिवसांनी मूल गप्प होते हे खरे. परंतु गप्प होणे आणि निश्चिंत होणे या दोन गोष्टी एक आहेत काय? प्रस्तुत लेखाचा सगळा भर या एका प्रश्नावर आहे. या प्रश्नाचा शास्त्रशुद्ध अभ्यास गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे निरनिराळ्या विद्यापीठांच्या मानसशास्त्र विभागांतून चालू आहे. तेथे जे हाती लागले ते वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकापर्यंत पोहोचावे, आणि त्यातील काय घ्यावे व काय घेऊ नये याचाही विचार व्हावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२. लळा म्हणजे काय

इंग्रजी ग्रंथांतील या कल्पनेस मराठी मानसशास्त्रात 'अनुबंध' असा प्रतिशब्द वापरतात. तथापि आपल्या घरोघरी त्यासाठी एक जुना शब्द आहेच, आणि तो म्हणजे 'लळा'. मुलाला आजीचा लळा आहे, वासराला गुराख्याचा लळा आहे, असे आपण सहज म्हणतो. लळा म्हणजे केवळ प्रेम नव्हे. भय, दुखणे, थकवा किंवा अनोळखी माणूस समोर आला असता मूल ज्या विशिष्ट माणसाकडे धाव घेते, आणि ज्याच्याजवळ गेल्यावर त्याचे मन ठिकाणावर येते, त्या माणसाशी असलेले मुलाचे नाते म्हणजे लळा.

या नात्याची दोन कामे आहेत. भय वाटले असता आसरा देणे हे पहिले काम. दुसरे काम शिक्षकाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे आहे. मन निश्चिंत असले म्हणजे मूल त्या माणसापासून दूर जाते, अंगणात जाते, दगड उचलून पाहते, नवीन मुलाशी बोलते, आणि मधूनमधून मागे वळून पाहते. आपले माणूस जागेवर आहे एवढी खात्री त्याला पुरते. यावरून असे दिसते की, लळा मुलाला बांधून ठेवीत नाही. उलट तो त्याला मोकळे करतो. जिज्ञासा ही निश्चिंत मनाचीच वृत्ती आहे. भ्यालेल्या मुलाला अक्षर दिसते, पण ते त्याच्या मनात उतरत नाही.

३. विद्यापीठांतील संशोधन

या विचाराचे जनक डॉ. जॉन बोल्बी (१९०७–१९९०) हे लंडनचे मनोवैद्य होते. शिक्षकांनी लक्षात ठेवावे असे त्यांच्या चरित्रातील एक स्थळ आहे. १९२८ साली केंब्रिज विद्यापीठातून बाहेर पडल्यावर, वैद्यकशास्त्र पुरे करण्यापूर्वी, त्यांनी काही काळ वर्तन बिघडलेल्या मुलांच्या शाळेत काम केले. लहानपणीच्या ताटातुटीचा मुलाच्या पुढील वागण्याशी संबंध असावा, ही शंका त्यांना तेथे प्रथम आली. म्हणजे या शास्त्राचे बीज एका शाळेत पडले आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर जागतिक आरोग्य संघटनेने बेघर मुलांच्या मानसिक आरोग्याचा अहवाल त्यांच्याकडून मागविला, आणि तो १९५१ साली प्रसिद्ध झाला. पुढे १९६९, १९७३ व १९८० या साली निघालेल्या तीन खंडांत त्यांनी आपला सिद्धांत मांडला.

त्या काळी बहुतेक पंडितांचे मत असे होते की, आई दूध देते म्हणून मूल तिला चिकटते. हे मत अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात डॉ. हॅरी हार्लो यांनी केलेल्या प्रयोगाने डळमळीत झाले. माकडाच्या पिलांना त्यांनी दोन कृत्रिम आया दिल्या. एक तारेची होती आणि तिच्याजवळ दुधाची बाटली होती. दुसरी मऊ कापडाने मढविलेली होती. पिले दुधापुरती तारेच्या आईकडे जात, आणि बाकीचा वेळ कापडाच्या आईला बिलगून राहत. १९५८ साली हे निष्कर्ष जाहीर झाले. पोट भरणे व मन भरणे या वेगळ्या गोष्टी आहेत, एवढा बोध त्यावरून घेता येतो. मात्र पिलांना आयांपासून तोडणारा हा प्रयोग क्रूर होता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

बोल्बींच्या विचारास प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड दिली ती डॉ. मेरी एन्सवर्थ (१९१३–१९९९) यांनी. टोरोंटो विद्यापीठात त्यांचे शिक्षण झाले होते. १९५४-५५ मध्ये त्या आफ्रिकेतील युगांडा देशात राहिल्या आणि कंपाला शहराजवळच्या खेड्यांतील २६ कुटुंबांत वारंवार जाऊन त्यांनी तान्ह्या मुलांचे निरीक्षण केले. तेथील आया मळ्यात राबणाऱ्या होत्या आणि मुलांना इतर नातलगही सांभाळीत. मूल निश्चिंत असणे हे त्याला सांभाळणारे हात किती यावर ठरत नसून, आई मुलाच्या बारीकसारीक खुणा किती जाणते यावर ते पुष्कळसे अवलंबून असते, असे त्यांना आढळले. आपल्याकडील वाडीत राबणाऱ्या कुटुंबांच्या दृष्टीने हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे.

पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात काम करीत असता त्यांनी बाल्टिमोर शहरातील आणखी २६ कुटुंबांचा वर्षभर अभ्यास केला, आणि 'अपरिचित प्रसंग' ही प्रसिद्ध कसोटी तयार केली. एक ते दीड वर्षाचे मूल आईसह खेळणी मांडलेल्या अनोळखी खोलीत येते. नंतर एक परकी स्त्री आत येते. आई दोनदा थोड्या वेळासाठी बाहेर जाते व परत येते. सर्व मिळून आठ टप्पे व सुमारे वीस मिनिटे. परीक्षकाचे मुख्य लक्ष मूल किती रडते याकडे नसते. आई परत आली असता ते काय करते, याकडे असते.

४. तीन प्रकारची मुले, आणि चौथा

या कसोटीत मुलांचे तीन प्रकार दिसून आले. पहिल्या प्रकारची मुले आई गेली असता रडत किंवा कावरीबावरी होत. ती परतली की तिच्याकडे जात, थोड्या वेळात शांत होत आणि पुन्हा खेळू लागत. हा सुरक्षित अनुबंध. बाल्टिमोरमधील सुमारे दोन-तृतीयांश मुले या प्रकारची होती. दुसऱ्या प्रकारची मुले आई गेली तरी फारशी रडत नसत, आणि ती परतल्यावर तिच्याकडे पाहण्याचे टाळीत. तिसऱ्या प्रकारची मुले अतिशय रडत; आई परतली की तिला बिलगत आणि त्याच क्षणी तिला लाथाही मारीत; त्यांचे समाधान होत नसे. १९८० नंतर डॉ. मेरी मेन व डॉ. ज्युडिथ सॉलोमन यांनी चौथा प्रकार दाखवून दिला. या मुलांच्या वागण्यात काही धरबंधच नसतो. ज्या माणसाजवळ आसरा घ्यावयाचा त्याचेच भय वाटल्यासारखी ती जागच्या जागी थिजतात.

दुसरा प्रकार आपण विशेष लक्षात घ्यावा, कारण शाळेत अशाच मुलाची "शहाणे, अजिबात रडले नाही" अशी वाखाणणी होते. १९७७ साली डॉ. ॲलन स्राउफ व डॉ. एव्हरेट वॉटर्स यांनी अशा मुलांच्या हृदयाचे ठोके मोजून पाहिले. वरवर शांत दिसणाऱ्या या मुलांच्या हृदयाची गती ताटातुटीच्या वेळी वाढलेली होती. रडून उपयोग नाही असे मूल शिकते तेव्हा त्याचा आवाज थांबतो. आतील खळबळ थांबतेच असे नाही. लेखाच्या प्रारंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळते. गप्प होणे आणि निश्चिंत होणे एक नव्हे.

याच डॉ. स्राउफ यांचा सहभाग असलेला, मिनेसोटा विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकात सुरू झालेला अभ्यास शिक्षकांना आरसा दाखविणारा आहे. तान्हेपणी ज्यांचे निरीक्षण झाले होते ती मुले पुढे बालवर्गात गेली असता त्यांच्या शिक्षकांचे वागणे टिपण्यात आले. सुरक्षित मुलांशी शिक्षक सरळपणे वागत व त्यांच्याकडून वयाला साजेशी अपेक्षा ठेवीत. चिकटणाऱ्या मुलांना ते अधिक सांभाळून घेत. परंतु टाळणाऱ्या मुलांशी ते कठोर होत, आणि राग येई तो प्रामुख्याने त्यांचाच. म्हणजे ज्या मुलाला आधाराची गरज अधिक, त्याच्याच वाट्याला शिक्षकाचा राग अधिक. हे जाणून घेतले तर आपला राग नेमका कोठून येतो, हे आपल्याला तपासता येईल.

शिक्षकाशी असलेल्या नात्याचा परिणाम किती दूर पोहोचतो, हेही पाहण्यात आले आहे. अमेरिकेतील डॉ. ब्रिजेट हॅम्रे व डॉ. रॉबर्ट पियान्टा यांनी १७९ मुलांचा बालवर्गापासून आठवीपर्यंत मागोवा घेतला आणि २००१ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. बालवर्गातील शिक्षकाशी ज्यांचे नाते खटक्याचे किंवा अति अवलंबित्वाचे होते, त्यांची प्रगती व वर्तन पुढील इयत्तांतही उणे दिसले. एकामुळेच दुसरे घडले असे यावरून सिद्ध होत नाही. परंतु पहिलीच्या शिक्षकाचे काम केवळ मुळाक्षरांपुरते नाही, एवढे निश्चित म्हणता येते.

५. सिद्धांताच्या मर्यादा

कोणताही सिद्धांत डोळे मिटून स्वीकारू नये. या सिद्धांतावरील तीन आक्षेप शिक्षकाने जाणून घेतले पाहिजेत.

पहिला आक्षेप आईला दोष देण्याविषयीचा. बोल्बींच्या १९५१ च्या अहवालाचा अर्थ काहींनी असा लावला की, कामावर जाणारी आई मुलाचे नुकसान करते. १९७२ साली डॉ. मायकेल रटर यांनी सर्व पुरावा पुन्हा तपासला आणि दाखवून दिले की, ताटातूट, आधाराचा पूर्ण अभाव, घरातील भांडणे व दारिद्र्य या वेगवेगळ्या गोष्टी असून त्यांचे परिणामही वेगवेगळे आहेत. आई सायंकाळी परत येते आणि दिवसभर मुलाला जाणणारे माणूस जवळ असते, तेव्हा त्यास आधाराचा अभाव म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप देशोदेशींच्या रीतींविषयीचा. १९८८ साली नेदरलँड्समधील दोन संशोधकांनी आठ देशांतील ३२ अभ्यासांचे, म्हणजे जवळजवळ दोन हजार मुलांच्या कसोट्यांचे निष्कर्ष एकत्र केले. देशादेशांमधील फरकापेक्षा एकाच देशातील निरनिराळ्या अभ्यासांमधला फरक अधिक मोठा निघाला. शिवाय आपल्याकडील मूल आजी, काकू, आत्या, मोठी बहीण अशा अनेक हातांत वाढते. एका आईभोवती रचलेली कसोटी अशा घराला जशीच्या तशी लावता येणार नाही.

तिसरी मर्यादा अभ्यासपद्धतीची. कलकत्ता विद्यापीठात १९१६ साली मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला. मुंबई विद्यापीठाचा उपयोजित मानसशास्त्र विभाग १९५९ पासून आहे. अशा विभागांत विकासाचे मानसशास्त्र शिकताना विद्यार्थ्यास बोल्बी व एन्सवर्थ यांचा परिचय होतोच. परंतु परिचय होणे वेगळे आणि मुलाचा प्रकार ठरविणे वेगळे. त्यासाठी चित्रफिती पुन्हा पुन्हा पाहून, दोन परीक्षकांचे मत जुळते की नाही हे तपासून, दीर्घ शिक्षण घ्यावे लागते. तेव्हा शिक्षकाने हजेरीपटात कोणाच्याही नावापुढे 'असुरक्षित' असा शेरा मारू नये. शेरा मुलाच्या पाठीस लागतो, आणि मूल मात्र तेथेच राहते.

६. आपल्याच जिल्ह्यातील धडा

ही सर्व नावे परदेशची झाली. परंतु जे तत्त्व तेथे प्रयोगशाळेत सिद्ध होत होते, ते आपल्या जिल्ह्यात दोन शिक्षिकांनी जवळजवळ त्याच काळात अनुभवाने ओळखले होते. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी १९४५ साली डहाणू तालुक्यातील बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, आणि त्याच वर्षी अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ साली हे कार्य कोसबाडच्या टेकडीवर गेले. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण व अनुताईंना १९८५ साली पद्मश्री हा किताब मिळाला.

बोर्डीस त्यांना असे दिसले की, मुले बालवाडीत येत नाहीत. त्यांनी मुलांना ओढून आणण्याऐवजी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ओळखीचे अंगण, हाकेच्या अंतरावर घरचे माणूस, आणि तेथेच गाणी, गोष्टी व स्वच्छता. यातून 'अंगणवाडी' हा शब्द जन्मास आला; २ ऑक्टोबर १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजनेमार्फत तो देशभर गेला. कोसबाडला मुले गुरे राखावयास जात, म्हणून शाळा कुरणात गेली आणि ती 'कुरणशाळा' झाली. मोठ्या बहिणी धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते म्हणून शाळेत येत नसत, म्हणून पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून 'विकासवाडी' उभी राहिली.

या बाईंनी अनुबंधाचा सिद्धांत लिहिला नाही. परंतु मूल आणि त्याचे आधाराचे माणूस यांना तोडून शिक्षण होत नाही, हे त्यांनी ओळखले. विकासवाडीत बहीण शिकत असे आणि भावंड तिच्या नजरेसमोर असे. दोघांचाही लळा राखून दोघांनाही शाळा मिळे. विद्यापीठांतून 'सुरक्षित ठाणे' या नावाने जे शिकविले जाते, त्याचे प्रात्यक्षिक कोसबाडच्या टेकडीवर झाले होते.

७. माणिकपूरच्या वर्गात

आता प्रत्यक्ष परिस्थितीकडे वळू. वसई तालुक्यातील माणिकपूर घ्या. वसईच्या वाड्यांच्या टापूतील हे गाव आज वसई रोड स्थानकालगतच्या दाट वस्तीचा भाग झाले असून २००९ पासून वसई-विरार शहर महानगरपालिकेत मोडते. या भागातील पुष्कळ घरांचा दिवस लोकलगाडीच्या वेळापत्रकावर चालतो. आई पहाटे डबा करून गाडी पकडते आणि दिवेलागणीला परतते. मुलाला शाळेत पोहोचविते ती आजी, शेजारीण किंवा चौथीतील बहीण. एकाच वर्गात कादोडी, वाडवळी, गुजराती व हिंदी बोलणाऱ्या घरांतील मुले बसतात.

अशा वर्गात शिक्षकाने "याची आई कधी दिसतच नाही" असा शेरा मारणे अन्यायाचे होईल. त्याने विचारावे ते असे की, या मुलाचे आधाराचे माणूस कोण आहे? पुष्कळदा उत्तर 'आजी' असे येईल. मग बोलणे तिच्याशीच करावे. उदाहरणार्थ :

"आजी, निघताना त्याला सांगून निघा. नजर चुकवून जाऊ नका."

"सांगितलं तर सोडील का मला, बाई? पदर धरून बसेल."

"धरू द्या. रडलं तरी चालेल. पण तुम्ही सांगून गेलात आणि घंटा झाल्यावर दिसलात, की चार-आठ दिवसांत त्याची खात्री पटेल. न सांगता गेलात, तर ते उद्यापासून तुमच्यावरच नजर ठेवून बसेल. मग फळ्याकडे कुठून पाहणार?"

या संभाषणात संपूर्ण सिद्धांताचे सार आले आहे. निरोप उघड असावा आणि भेट निश्चित असावी.

८. लांबच्या ताटातुटी

शाळेच्या दारातील ताटातूट काही तासांची असते. आपल्या जिल्ह्यात याहून लांबच्या ताटातुटीही आहेत. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागांतील अनेक आदिवासी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्टीच्या कामासाठी वसई, भिवंडीकडे उतरतात आणि पावसाळ्यापूर्वी परततात. काही मुले आईबापांबरोबर जातात. त्यांची शाळा सुटते. काही गावी आजीजवळ राहतात. त्यांची आई सुटते. आश्रमशाळेत सहा वर्षांचे मूल वसतिगृहात राहू लागते, तेव्हा घरापासूनची त्याची ताटातूट काही तासांची नसून महिन्यांची असते.

अशा मुलांच्या शिक्षकाने एक संशोधन जाणून घ्यावे. रुमानियाची राजधानी बुखारेस्ट येथे २००१ पासून १३६ अनाथालयवासी बालकांचा अभ्यास झाला. त्यांपैकी निम्म्या मुलांना पालक-कुटुंबांत ठेवण्यात आले. दोन वर्षे वयाच्या आत जी मुले कुटुंबात गेली, त्यांच्यात सुरक्षित अनुबंध जडण्याची शक्यता अधिक दिसली. आपली आश्रमशाळा म्हणजे अनाथालय नव्हे, आणि तेथील मुलांचे घर व माणसे शाबूत आहेत. त्यामुळे दोहोंची बरोबरी करू नये. परंतु मुलाला अन्नवस्त्राबरोबर त्याचे असे एक माणूस लागते, आणि असे माणूस मिळाले तर मोडलेला धागा पुन्हा जुळू शकतो, हे तत्त्व तेथेही लागू आहे. चाळीस मुलांच्या वसतिगृहात सर्वांचे मिळून चार माणसे असण्यापेक्षा प्रत्येकी दहा मुले एकेका माणसाच्या जबाबदारीवर देणे बरे. माणसे तेवढीच लागतात. नात्यात मात्र फरक पडतो.

९. शिक्षकाने काय करावे

एका शिक्षकाकडे तीस मुले असता प्रत्येकाला कडेवर घेता येणार नाही, हे उघड आहे. पुढील गोष्टींना पैसा लागत नाही आणि वेळही थोडाच लागतो.

(१) पहिले पंधरा दिवस दाराशी उभे राहून प्रत्येक मुलाचे नाव घेऊन स्वागत करावे. नाव घरी हाक मारतात तसे घेतले तर अधिक बरे.

(२) परत भेटीची वेळ मुलाला कळेल अशा शब्दांत सांगावी. "साडेबाराला" हे त्याला कळत नाही. "गाणे होईल, खिचडी होईल, मग घंटा होईल आणि आजी येईल" हे कळते. सांगितलेला क्रम मोडू नये.

(३) "आई बाहेर बसली आहे" असे खोटे कधीही सांगू नये. मूल दार उघडून पाहते, आणि त्या क्षणी दोन माणसांवरचा त्याचा विश्वास जातो.

(४) "रडलास तर आई येणार नाही", "पोलिसाला देईन" अशा धमक्या देऊ नयेत. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेप्रमाणेच मानसिक छळासही मनाई केली आहे. परंतु कायदा नसता तरी ही धमकी वर्ज्यच ठरली असती. कारण ती मुलाच्या नेमक्या भयावर घाव घालते.

(५) मुलाची बसण्याची जागा पहिल्या महिन्यात बदलू नये. घरची एखादी वस्तू, आईचा रुमाल किंवा बहिणीची जुनी पाटी, जवळ ठेवू द्यावी.

(६) चौथीतील बहिणीला मधल्या सुट्टीत पहिलीच्या वर्गात डोकावू द्यावे. ही बेशिस्त नसून शाळेने वापरावयाचा आधार आहे.

(७) घरच्या बोलीतील पाचदहा शब्द शिकून घ्यावेत. भ्यालेले मूल प्रथम आपल्या बोलीचा सूर ओळखते.

(८) न रडणाऱ्या, कोपऱ्यात बसणाऱ्या, पडले तरी कोणाकडे न जाणाऱ्या मुलाकडे रोज दोन मिनिटे जावे. बोलण्याचा आग्रह न धरता शेजारी बसावे, त्याने केलेले पाहावे. असे मूल जवळ येण्यास महिने लागतात. रोज येणारे माणूस, एवढीच त्याची कसोटी असते.

(९) आपण रजेवर जाणार असू तर आदल्या दिवशी मुलांना सांगावे, आणि परत येण्याचा दिवस फळ्यावर मांडून ठेवावा. बदली झाली असता नव्या शिक्षकाची ओळख स्वतः करून द्यावी. मुलाच्या दृष्टीने शिक्षकाचे न सांगता जाणे हीदेखील ताटातूटच आहे.

(१०) अंगावर मारल्याच्या खुणा, माणूस जवळ येताच थिजणे, अन्न लपवून ठेवणे असे काही वारंवार दिसल्यास स्वतः निदान करू नये. मुख्याध्यापकांना कळवावे आणि त्यांच्यामार्फत वैद्यकीय अधिकारी व बालसंरक्षण यंत्रणेची मदत घ्यावी. मुलांसाठी १०९८ हा साहाय्यतेचा दूरध्वनी क्रमांक आहे.

१०. निरीक्षणाची वही

विद्यापीठातील संशोधकाजवळ चित्रफीत असते; शिक्षकाजवळ दोनशे दिवस असतात. ही त्याची मोठी श्रीमंती आहे. यास्तव प्रत्येक शिक्षकाने वर्गातील तीन मुले निवडावीत. एक रडणारे, एक चिकटणारे व एक गप्प. आठवडाभर रोज चार ओळी लिहाव्यात : मूल कोणाबरोबर आले? निरोप कसा झाला? दिवसात कशाने दचकले आणि कोणाकडे गेले? घ्यावयास आलेले माणूस दिसताच त्याने काय केले? शेरे लिहू नयेत. जे दिसले तेच लिहावे. "हट्टी आहे" हा शेरा झाला. "आजी दिसली तरी खेळणे सोडले नाही, मग धावत जाऊन तिची पिशवी ओढली" हे निरीक्षण झाले. वही इतरांना दाखवू नये आणि मुलासमोर उघडू नये. दिवाळीच्या सुट्टीनंतर पुन्हा एक आठवडा असेच लिहावे आणि दोन्ही ताडून पाहावे. मूल बदलले आहे की आपली नजर बदलली आहे, हे त्यावरून कळेल; बहुधा दोन्ही बदललेले दिसेल.

केंद्रातील शिक्षण परिषदेत चर्चेसाठी प्रश्न

१. गप्प होणे व निश्चिंत होणे यांतील फरक आपल्या वर्गातील उदाहरणाने स्पष्ट करा. मुलाचे नाव सांगू नये.

२. आपल्या गावी पहिलीच्या मुलांचे आधाराचे माणूस बहुधा कोण असते? पालकसभा त्या माणसाच्या सोयीच्या वेळी होते काय?

३. कोणत्या प्रकारच्या मुलाचा आपणांस अधिक राग येतो? त्या रागामुळे मुलाच्या वागण्यात काय फरक पडतो?

४. दिवाळीनंतर स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांतील मुलांना निरोप देण्याची व परत आल्यावर सामावून घेण्याची आपल्या शाळेत कोणती रीत आहे? नसल्यास ती कशी घालता येईल?

५. विकासवाडीतील कोणती गोष्ट आपल्या दोन-शिक्षकी शाळेत आजच्या आज करता येईल?